हजेरीवहीतल्या रिकाम्या चौकटी

आमच्या धावगटाची हजेरीवही गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. निळ्या प्लॅस्टिकचे वेष्टन घातलेली ती साधी दोनशे पानी वही आहे. पुण्यातल्या तळजाई टेकडीवरच्या पावसात दोनदा भिजल्यामुळे तिच्या काही पानांवरची शाई पसरली आहे. डावीकडे नावे, वर तारखा, आणि जो आला त्याच्या नावापुढे बरोबरची खूण. जो आला नाही त्याच्या नावापुढची चौकट रिकामी राहते. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. तरीही या वहीतला महत्त्वाचा मजकूर त्या रिकाम्या चौकटींमध्ये आहे, हे ध्यानात यायला मला तीन वर्षे लागली.

गट साधाच आहे. आठवड्यातून तीन दिवस पहाटे साडेपाचला सहकारनगरच्या बाजूने टेकडीखाली जमायचे, दहा मिनिटे वॉर्मअप करायचा आणि आपापल्या कुवतीप्रमाणे धावायचे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आम्ही सोळा आठवड्यांचा कार्यक्रम घेतो: पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे आलटून पालटून, आणि शेवटच्या आठवड्यात सलग पाच किलोमीटर. शुल्क नाही. शिकवणारे गटातलेच दोघे अनुभवी धावपटू आहेत. तिसऱ्या वर्षी एका कंपनीने टी-शर्ट आणि पाण्याची सोय देऊ केली, आणि त्यांच्या सामाजिक उपक्रम विभागाकडून विचारणा झाली की या कार्यक्रमाचा आरोग्याला आणि समाजाला किती फायदा होतो ते आकड्यांत मांडून द्या. ही विचारणा मला तेव्हाही रास्त वाटली आणि आजही वाटते. लोकांचा वेळ, पहाटेची झोप आणि गुडघे आपण मागतो; त्या बदल्यात त्यांना काय मिळते, हे सांगण्याची जबाबदारी आपलीच असते.

अहवाल मीच केला. पहिल्या दिवशी सर्वांचा रक्तदाब, वजन आणि नाडी घेतलेली होती. सोळाव्या आठवड्यात जे हजर होते त्यांची तीच मोजमापे पुन्हा घेतली आणि दोन सरासऱ्या शेजारी शेजारी मांडल्या. वरचा रक्तदाब उतरला होता, वजन उतरले होते, नाडीही मंदावली होती. ‘सहभागी व्यक्तींच्या रक्तदाबात लक्षणीय घट’ असे मी लिहिले. अहवाल सर्वांना आवडला, टी-शर्टही आले. त्यानंतर एका संध्याकाळी मूळ वही पुढ्यात घेऊन बसले असताना मला दिसले की पहिल्या दिवशी चाळिसाच्या आसपास नावे होती आणि शेवटी त्यांतली निम्मीही उरली नव्हती. आणि मध्येच थांबलेल्यांमध्ये, पहिल्या दिवशी ज्यांचा रक्तदाब जास्त होता, ज्यांचे वजन जास्त होते, ज्यांनी गुडघ्याची तक्रार लिहून दिली होती, अशांचाच भरणा होता.

यात काय बिघडते ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगते. समजा दहा जण आले. पाच जणांचा वरचा रक्तदाब १५० आणि पाच जणांचा १३०. सरासरी १४०. आता १५० वाल्यांपैकी तिघे दुसऱ्या महिन्यात यायचे बंद झाले. उरलेल्या सात जणांपैकी एकाचाही रक्तदाब एका अंकानेही बदलला नाही, असे धरले तरी नवी सरासरी सुमारे १३६ येते. म्हणजे कोणाच्याही शरीरात काडीचाही फरक न पडता कागदावर चार अंकांची सुधारणा दिसते, आणि ज्यांना या कार्यक्रमाची सर्वांत जास्त गरज होती ती माणसे हिशेबातूनच नाहीशी होतात. मी तो अहवाल मागे घेतला आणि कंपनीला तसे पत्र लिहिले. वर्गात मुलांना जी चूक करू नका म्हणून दरवर्षी बजावते तीच चूक माझ्या हातून झाली होती, याची खंत मला बरेच दिवस होती.

याच चुकीची मोठी आणि फार शिकवणारी कथा लंडनच्या बसगाड्यांची आहे. जेरी मॉरिस या साथरोगशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१,००० पुरुषांची पाहणी केली आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. डबलडेकर बसचा चालक दिवसभर बसून असे आणि वाहक दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटे देत असे. दोघे एकाच गाडीवर, एकाच शहरात, जवळजवळ एकाच सामाजिक थरातले. तरीही हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये कमी आढळले. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध मोजून दाखवणारे हे पहिल्या काही कामांपैकी एक. पण मॉरिस तिथेच थांबला नाही, आणि त्याच्याविषयी मला आदर आहे तो त्याच्या पुढच्या पावलामुळे. या माणसांना गणवेश मिळत असे, आणि गणवेशाच्या विजारींची कंबरेची मापे नोंदलेली होती. ती तपासून १९५६ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की चालकांच्या कंबरा मुळातच, अगदी तरुण वयापासून, वाहकांपेक्षा जास्त होत्या. म्हणजे जिन्याने वाहकांचे हृदय राखले असेलच, पण अंगाने स्थूल असलेला माणूस आधीच चालकाच्या जागेकडे वळत होता, अशीही शक्यता होती. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाला आपणच शिंप्याच्या मापाने तपासून पाहणे, हे मला शास्त्रज्ञाचे खरे लक्षण वाटते.

धावगटांना हे जसेच्या तसे लागू पडते. पहाटे साडेपाचला टेकडीवर येणारा माणूस आधीच काही बाबतींत न येणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. त्याची झोप बरी असते, त्याची नोकरी रात्रपाळीची नसते, त्याच्या घरी सकाळचा डबा दुसरे कोणीतरी करत असते. त्याची तब्येत चांगली आहे म्हणून तो धावतो की धावतो म्हणून त्याची तब्येत चांगली आहे, हे नुसत्या सरासरीतून कळत नाही.

याचा अर्थ धावण्याचा फायदा सिद्धच झालेला नाही, असा कोणी घेऊ नये. अमेरिकेत डॅलस येथील ५५,१३७ प्रौढांचा सरासरी पंधरा वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. धावणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणाने होणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्के आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे ४५ टक्के कमी आढळला, आणि दिवसाला पाच ते दहा मिनिटे हळू धावणाऱ्यांनाही तो फायदा दिसला. २०१९ साली अशा चौदा अभ्यासांतल्या २,३२,१४९ लोकांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा एकूण मृत्यूंचा धोका २७ टक्क्यांनी कमी दिसला. हे आकडे वय, धूम्रपान वगैरे गोष्टींचा हिशेब करून काढलेले आहेत, त्यामुळे त्यांचे वजन माझ्या चाळीस नावांच्या वहीपेक्षा कितीतरी जास्त आहे. पण ते ‘धावण्या’विषयी आहेत, ‘गटाने धावण्या’विषयी नाहीत. गटाचा म्हणून जो काही भाग असेल तो वेगळा काढायला हवा.

गटाविषयी मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारे एक काम चालण्याच्या गटांवरचे आहे. सारा हॅन्सन आणि अँडी जोन्स यांनी २०१५ साली ४२ अभ्यासांतल्या १,८४३ व्यक्तींची माहिती एकत्र करून पाहिली. वरचा रक्तदाब सरासरी ३.७२ अंकांनी, खालचा ३.१४ अंकांनी आणि विश्रांतीच्या वेळची नाडी मिनिटाला सुमारे तीन ठोक्यांनी कमी झाली होती. नैराश्याच्या गुणांकातही सुधारणा होती. हे आकडे लहान आहेत आणि लहान आहेत म्हणूनच मला ते खरे वाटतात. एखादा गट जेव्हा सोळा आठवड्यांत पंधरा अंकांची घट सांगतो, तेव्हा मी आधी हजेरीवही मागते.

हजेरीवहीखेरीज आणखी दोन गोष्टी विचारायला हव्यात. पहिली म्हणजे माणसे आली कधी. आमच्याकडे बरेच जण डॉक्टरांनी ‘बीपी वाढलंय, काहीतरी व्यायाम करा’ असे सांगितल्यावर त्याच आठवड्यात येतात. रक्तदाब रोज वरखाली होतो. ज्या दिवशी तो नेहमीपेक्षा बराच वर होता त्या दिवसाच्या नोंदीपासून सुरुवात केली, की पुढची नोंद आपोआपच थोडी खाली येते, मग मधल्या काळात माणूस धावो की न धावो. दुसरी म्हणजे ऋतू. थंडीत रक्तदाब थोडा जास्त राहतो आणि उन्हाळ्यात थोडा उतरतो. मागे घेतलेल्या माझ्या अहवालातली तुकडी जानेवारीच्या कडाक्यात सुरू होऊन मेच्या उकाड्यात संपली होती. त्या घटीतला काही वाटा पुण्याच्या हवामानाचा होता, आणि तो मी धावण्याच्या खात्यावर जमा केला होता.

मोजण्याची पद्धतही आम्ही बदलली, आणि ती थोडी तपशिलाने सांगते, कारण गट चालवणाऱ्या कोणालाही ती उद्यापासून करता येईल. पूर्वी माणूस टेकडी चढून धापा टाकत आला की आम्ही लगेच त्याच्या दंडाला पट्टा बांधत असू, तोही स्वेटरच्या बाहीवरून. आता ज्याचे मोजमाप असेल त्याने त्या दिवशी धावायचे नसते. माणसाने चहा न घेता यायचे, कठड्याला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसायचे. गप्प बसणे हाच यातला सर्वांत कठीण भाग आहे. टेकडीवर ओळखीचे इतके चेहरे समोरून जातात की दोन मिनिटांत कोणीतरी ‘काय, आज बसून?’ असे विचारतेच. मग उघड्या दंडाला पट्टा, हात हृदयाच्या पातळीला, एका मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी, आणि त्यांची सरासरी. विश्रांतीची नाडी मात्र टेकडीवर घ्यायचीच नाही. ती सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच, सलग तीन दिवस, ज्याची त्याने मोजून लिहून आणायची. वजनाचा काटा आम्ही बंदच केला. वजनाच्या आकड्याने लोक जितके खट्टू होत होते तितका उपयोग त्या आकड्याचा नव्हता, आणि पहिल्या महिन्यात गळणाऱ्यांपैकी काहींनी नंतर फोनवर त्या काट्याचेच नाव घेतले होते.

गटाचा म्हणून वेगळा फायदा कोणता, या प्रश्नावर मला ॲमस्टरडॅमच्या एका अभ्यासाने बरेच शिकवले. तिथल्या फ्राय विद्यापीठाच्या संशोधकांनी नैराश्य किंवा चिंतेचा विकार असलेल्या १४१ रुग्णांवर केलेले हे काम २०२३ साली प्रसिद्ध झाले. बहुतेकांना औषध घ्यायचे की देखरेखीखाली गटाने धावायचे, याची निवड करू दिली; ४५ जण औषधाकडे गेले, ९६ जण धावण्याकडे. सोळा आठवड्यांनी दोन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात रुग्ण बरे झालेले होते, सुमारे ४४ टक्के, आणि धावणाऱ्यांची शारीरिक मोजमापेही सुधारली होती. वर्तमानपत्रांनी मथळे केले ते यावरच. माझे लक्ष मात्र दुसऱ्या आकड्यांकडे गेले: ठरलेले उपचार ज्यांनी नीट पाळले, असे औषधाच्या गटात ८२ टक्के होते आणि धावण्याच्या गटात ५२ टक्के. म्हणजे ज्यांच्यापैकी बहुतेकांनी स्वतःच्या मनाने धावणे निवडले, ज्यांना देखरेख आणि सोबत दोन्ही होती, त्यांच्यातलेही जवळजवळ निम्मे ते टिकवू शकले नाहीत. (या आकड्यांवरून कोणीही आपले औषध आपल्या मनाने बंद करू नये, तो निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यायचा असतो.) माझ्या वहीतल्या निम्म्याहून अधिक रिकाम्या चौकटी हा केवळ आमच्या गटाचा ढिलेपणा नव्हता, हे मला त्या दिवशी कळले. पळण्याचे औषध गुणकारी आहे, पण ते घेत राहणेच अवघड आहे, आणि माणसाला ते घेत राहायला मदत करणे हे गटाचे मुख्य काम आहे. तेव्हा मोजायचे असेल तर आधी तेच मोजायला हवे.

सोबतीचा जोर खरोखर किती असतो, हे मोजणे फार कठीण आहे, कारण धावणाऱ्यांचे मित्र बहुधा धावणारेच असतात. कोणी कोणाला ओढले ते सांगता येत नाही. सिनान अराल आणि क्रिस्टोस निकोलाइड्स या दोघांनी २०१७ साली यातून काढलेली वाट इतकी सुंदर आहे की ती मी दरवर्षी वर्गात सांगते. त्यांनी सुमारे ११ लाख धावणाऱ्यांच्या पाच वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि मदतीला घेतला पाऊस. तुमचा मित्र दुसऱ्या शहरात राहतो. त्याच्या शहरात पाऊस पडला म्हणून तो कमी धावला. तुमच्या शहरात मात्र आकाश कोरडे आहे. तरीही तुमचे धावणे कमी झाले, तर ते मित्रामुळेच झाले असले पाहिजे, कारण त्याच्या गावच्या पावसाचा तुमच्या पायांशी दुसरा संबंध नाही. हिशेब असा निघाला की मित्र एक किलोमीटर जास्त धावला तर माणूस सुमारे तीनशे मीटर जास्त धावतो. जुलैच्या झडीत टेकडीखाली छत्री धरून उभे राहिलेल्या आमच्या पाच-सहा जणांना मी हे सांगितले, तेव्हा कोणी काही बोलले नाही, पण पुढच्या गुरुवारी तेवढेच जण पुन्हा आले.

समाजाच्या बाजूचे मोजमाप कसे करावे याचा विचार करताना लंडनच्या पार्करनकडे पाहावेच लागते. २ ऑक्टोबर २००४ रोजी टेडिंग्टनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी १३ धावपटूंसह पाच किलोमीटरची साप्ताहिक धाव सुरू केली; त्या वेळी दुखापतीमुळे त्यांना स्वतःला धावता येत नव्हते. सुरुवातीला पोहोचण्याचा क्रमांक म्हणून हातात द्यायला त्यांच्याकडे हार्डवेअरच्या दुकानातले धातूचे वॉशर होते. आज ती धाव अनेक देशांत दर शनिवारी, विनाशुल्क आणि स्वयंसेवकांच्या बळावर होते. २०१८ पासून ब्रिटनमधल्या कौटुंबिक डॉक्टरांच्या ‘रॉयल कॉलेज’ या व्यावसायिक संस्थेने दवाखाने आणि स्थानिक पार्करन जोडून देण्याचा उपक्रम चालवला आहे, म्हणजे डॉक्टर रुग्णाला नुसते ‘व्यायाम करा’ असे न सांगता ‘शनिवारी या बागेत जा’ असे सांगू शकतो.

माझ्या दृष्टीने पार्करनची मोठी गोष्ट ही की तिथली सरासरी वेळ वर्षानुवर्षे वाढत गेली. आरंभीच्या काळात पाच किलोमीटरला बावीस-तेवीस मिनिटे लागत; आता सरासरी अर्ध्या तासाच्या बरीच पुढे गेली आहे. शर्यतीच्या नजरेने ही घसरण आहे. लोकांच्या आरोग्याच्या नजरेने मात्र यासारखा दुसरा चांगला आकडा नाही, कारण पूर्वी जी माणसे घरी बसत ती आता शेवटून चालत का होईना पण येत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पार्करनने आपल्या संकेतस्थळावरून सर्वांत वेगवान धावपटूंचे विक्रम काढून टाकले, नवख्यांनी बिचकू नये म्हणून. त्यावर पुष्कळ नाराजी झाली. मला तो निर्णय पटतो. आपण भिंतीवर जो आकडा लावतो, त्याच आकड्यासाठी माणसे येतात आणि त्याच आकड्यामुळे माणसे जातात. आमच्या गटातही दर महिन्याच्या ‘बेस्ट टायमिंग’ची यादी व्हॉट्सॲपवर टाकण्याची पद्धत होती, ती आम्ही थांबवली.

पार्करनच्या बाबतीत एक सावधगिरी सांगायला हवी. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ५४८ नव्या सहभागींना आयुष्याविषयीचे समाधान शून्य ते दहाच्या मापावर विचारले, सहा महिन्यांनी पुन्हा विचारले, आणि त्या छोट्या वाढीला सरकारी पद्धतीने पैशांत रूपांतरित करून साऱ्या ब्रिटनसाठी वर्षाला ६६ कोटी पौंडांहून अधिक लाभ काढला. समाधानाला किंमत लावण्याच्या विरोधात मी नाही. निधी मागताना अशी भाषा लागते. पण तुलनेसाठी न धावणारा गट सोबत नसेल, तर ती वाढ धावण्याची किती आणि वसंत ऋतूची किती, हे सांगता येत नाही, आणि एवढ्या मोठ्या आकड्याखाली ही शंका दबून जाते.

आमच्या वहीत आता दोन नवे रकाने आहेत. एकाचे नाव ‘विचारपूस’, दुसऱ्याचे ‘कारण’. कोणी लागोपाठ तीन वेळा आला नाही, तर त्याला कोणी फोन केला आणि कधी केला, हे पहिल्या रकान्यात लिहायचे. तो काय म्हणाला ते दुसऱ्यात. फोन मी करायचा नाही, हा नियम आहे. गटप्रमुखाचा फोन हजेरीसाठी आल्यासारखा वाटतो. शेजारी धावणाऱ्याचा फोन काळजीचा असतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका तीन रविवार दिसले नाहीत, तेव्हा त्यांच्यासोबत हळू धावणाऱ्या एका ताईंनी त्यांना फोन केला.

‘काका, बरे आहात ना? तीन रविवार झाले.’

‘अगं, हिचं ऑपरेशन झालं. सांगायचं राहूनच गेलं. मी एकटाच आहे इथं.’

त्यानंतर पंधरा दिवस त्यांच्याकडे गटातल्या घरांतून आळीपाळीने डबा गेला. या गोष्टीचा रक्तदाबावर काय परिणाम झाला ते मला ठाऊक नाही, पण समाजाला होणारा फायदा म्हणून आपण जे शोधतो ते याहून वेगळे काही असेल असे मला वाटत नाही. आणि ते मोजता येते. गैरहजर राहिलेल्यांपैकी किती जणांची कोणीतरी आठवडाभरात विचारपूस केली, हे साधे गुणोत्तर आहे. ते आम्ही दर तीन महिन्यांनी काढतो, आणि ज्या तिमाहीत ते घसरते त्या तिमाहीनंतर गळती वाढते.

‘कारण’ या रकान्याने मला सर्वांत जास्त शिकवले ते बायकांविषयी. भारतात पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २०२२ साली जवळजवळ ५० टक्के होते, आणि पुरुषांमध्ये ते सुमारे ४२ टक्के तर स्त्रियांमध्ये सुमारे ५७ टक्के होते, असे ‘लॅन्सेट’च्या जागतिक आरोग्याविषयीच्या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो. यातही मजुरीची आणि घरची अंगमेहनत धरलेली आहे. चार घरी पोळ्या करणाऱ्या एक मावशी आमच्याकडे येत. सव्वासहाला पहिल्या घरी पोहोचायचे म्हणून त्या सर्वांच्या आधी निघत. डिसेंबरात त्या यायच्या थांबल्या. त्यांचा उत्साह मावळला, असे आम्ही गृहीत धरले होते. फोनवर कळले की त्यांच्या गल्लीतला दिवा गेला होता आणि अंधारात कुत्री अंगावर येत. दोघी जणी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबू लागल्या, आणि मावशी परत आल्या. त्यांचे सोळा आठवडे पुरे झाले ते त्या दोघींमुळे. म्हणून आता प्रत्येक स्त्रीला आम्ही पहिल्या दिवशी तीन गोष्टी विचारून लिहून ठेवतो: घरापासून टेकडीपर्यंत किती अंतर अंधारात एकटीने यावे लागते, सकाळचा डबा कोण करते, आणि ती नसताना घरात कोणाचे अडते. सोळा आठवड्यांनी तेच तीन प्रश्न पुन्हा. एका घरी नवरा पोहे आणि चहा करू लागला, हे मी वहीत शाईने लिहिले आहे.

तोट्याची बाजूही त्याच वहीत यायला हवी, आणि बहुतेक गट ती लिहीत नाहीत. अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ साली काढलेल्या हिशेबानुसार दर हजार तास धावण्यामागे नवख्यांना सुमारे १८ दुखापती होतात आणि नियमित हौशी धावपटूंना सुमारे ८. नवखा माणूस दुपटीहून अधिक धोक्यात असतो, आणि नेमका त्यालाच आपण ‘मॅरेथॉन जानेवारीत आहे, वेळ कमी आहे’ म्हणून घाई करतो. नडगी दुखून एखादी थांबली, तर ती नोंद ‘आली नाही’ अशी न होता ‘आमच्या कार्यक्रमामुळे दुखापत’ अशीच व्हायला हवी. असे लिहायला लागल्यापासून आम्ही कार्यक्रमाचा सहावा आणि सातवा आठवडा सौम्य केला, कारण बहुतेक नोंदी तिथेच साचत होत्या.

थांबलेल्यांनाही आता आम्ही सोळाव्या आठवड्यात मोजायला बोलावतो. सगळे येत नाहीत, पण जे येतात त्यांच्यामुळे चित्र पालटते. पाचव्या आठवड्यात सोडून गेलेली एक बाई आली. ती रोज संध्याकाळी नवऱ्यासोबत पर्वतीच्या पायथ्याशी तासभर चालते, आणि ती सवय आमच्याकडच्या त्या पाच आठवड्यांत लागली, असे तिने सांगितले. माझ्या जुन्या हिशेबात ती निव्वळ गळती होती.

तुलनेचा प्रश्न मात्र गेल्या वर्षापर्यंत सुटला नव्हता. तो प्रतीक्षायादीने थोडाफार सोडवला. एका तुकडीत आम्ही आता तीसच जण घेतो. नावे जास्त आली की चिठ्ठ्या टाकतो, आणि ज्यांचे नाव निघत नाही ते पुढच्या तुकडीत येतात. चिठ्ठीमुळे दोन्हीकडची माणसे साधारण सारख्याच हौसेची आणि सारख्याच अडचणींची असतात. प्रतीक्षायादीत थांबलेल्यांचीही मोजमापे त्याच दिवशी घेतली, तर ऋतू, पहिल्या दिवशीची धाकधूक, डॉक्टरांचा ताजा सल्ला, हे सारे दोन्ही बाजूंना सारखेच लागू होते, आणि उरतो तो फरक धावण्याचा आणि गटाचा. गेल्या शनिवारी या यादीतल्या एका शिक्षिकेला मी फोन केला. ‘मला धावायला तर घेतलं नाही तुम्ही, मग नुसता पट्टा बांधायला कशाला येऊ?’ असे त्यांनी विचारले. प्रश्न बरोबरच होता. मी त्यांना बसगाड्यांची आणि विजारींची गोष्ट सांगितली. रविवारी सकाळी त्या आल्या, कठड्याला पाठ टेकून बसल्या, पाच मिनिटे समोरून जाणाऱ्या आमच्या गटातल्या धावणाऱ्यांकडे पाहत राहिल्या, आणि मग त्यांनी बाही वर केली. मी दोन्ही नोंदी लिहिल्या आणि त्यांच्या नावापुढच्या पुढच्या सोळा आठवड्यांच्या चौकटींवर पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली.